बोरडोहच्या शाळेचा निकालफळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. वर्गातला नव्हे बरं का. बोरडोहच्या जिल्हा परिषद हायस्कूलच्या ओट्यावर, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी टांगलेला असतो. वर्गातल्या फळ्यांचं काय, आज बेरीज तर उद्या बेडूक. माझ्यावर मात्र अख्खी शाळा मावते. डाव्या अंगाला पट, म्हणजे कोणत्या वर्गात किती मुलं आणि किती मुली. उजव्या अंगाला दहावीचा निकाल. तपासणीला आलेला साहेब आधी मला वाचतो आणि मग खुर्चीवर बसतो.

गावच्या लहानू मिस्त्रींनी सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला आणि पांढरे रकाने आखले. सुरुवातीच्या वर्षांत दहावीत पासापेक्षा नापासच जास्त असत. तरी कुणी ना कुणी मला रोज ओल्या फडक्यानं पुसायचं. पुढे शाळेत मोठा टीव्ही आला, तेव्हा मात्र माझ्या खिळ्याला छत्र्या लटकू लागल्या.

आमच्या पटाचा मला फार अभिमान आहे. बौद्ध वस्तीतली मुलं आहेत, कुणब्या-तेल्यांच्या शेतकरी घरांतली आहेत, टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या पाड्यावरची, गोंडांची आहेत, आणि वीटभट्टीवर आलेल्यांची, घरी छत्तीसगढी बोलणारीही आहेत. मुली मुलांपेक्षा जास्त. साहेबलोक ते पाहून खूश होतात. खरं कारण मी सांगतो. सकाळी खाप्याकडच्या एका कॉन्व्हेंटची पिवळी बस गावात येते. ज्याच्या घरी थोडं बरं आहे तो मुलाला त्या बसमध्ये बसवतो आणि मुलगी चालत आमच्याकडे येते. पोरीचं काय, परक्याचं धन. पण माझा निकाल वर्षागणिक वर चढवला तो याच पोरींनी.

मग एके वर्षी बसथांब्यावर त्या कॉन्व्हेंटचा रंगीत फ्लेक्स लागला. शंभर टक्के निकाल. आमचे मेश्राम सर, म्हणजे मुख्याध्यापक, तो पाहून आले आणि माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पट अजून घटला तर वर्ग बंद होणार होते. मुलं खाप्याला गेली असती, मुली बहुतेक घरीच बसल्या असत्या. म्हणून सरांना माझ्यावर शंभरचा आकडा हवा होता. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

त्या वर्षी दहावीत गोपिका होती. वडील चंद्रभान कास्तकार. धाकटा भाऊ पियूष पिवळ्या बसमध्ये. गोपिका दिवाळीनंतर कापूस वेचायला जाई, त्यामुळे गणित सुटलं ते सुटलंच. नववीत ती कशीबशी काठावर तरली होती.

सरांनी चंद्रभानला बोलावलं. "चंद्रभानभाऊ, गोपिकाचा दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरू. परीक्षा ती देईलच, फक्त बाहेरून. तिचा निकाल मग शाळेत धरत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमी म्हनान तसं, सर," चंद्रभान म्हणाला.

गोपिका त्याच्या मागंच उभी होती. तिनं माझ्यावरच्या दहावीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, ह्या आकड्यात मी हाय न?"

"आहेस."

"मंग मले काहून काढून राहिले? नापास झाली त नापास लिहा. पण याच शाळेतली लिहा."

चंद्रभाननं लेकीकडे पाहिलं. "राहू द्या सर तो दाखला," तो म्हणाला.

गणिताच्या प्रीती मॅडम दारातून ऐकत होत्या. "गणिताचं मी पाहते. पण वेचणीच्या दिवसांत ती शाळेत पाहिजे."

"त्याचं मी पाहतो," चंद्रभान म्हणाला. आणि त्या हंगामात सुटीच्या दिवशी कमरेला ओटी बांधून वेचणीला गेला तो पियूष. मुली माझ्यासमोर उभ्या राहून हे सांगत होत्या आणि हसून हसून बेजार होत होत्या.

मे महिन्यात निकाल लागला. गोपिका गणितात गेली. बाकी सगळे पास. सर खडू हातात धरून थबकले. मी मनात म्हटलं, सर, आता माघार घेऊ नका. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: बसले २५, पास २४, निकाल ९६ टक्के.

शाळा समितीचे देवराव वाचून म्हणाले, "एक पोरगी सोडली असती त शंभर लागले असते, सर."

"सोडली नाही, म्हणून तर शाळा आहे, देवरावभाऊ."

माझी छाती तेव्हा किती फुगली म्हणून सांगू.

गोपिका आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मग नागपुरात प्रताप नगरला राहणाऱ्या प्रीती मॅडम सुटीतही बसनं येऊ लागल्या. वर्गांना कुलपं होती, म्हणून ओट्यावरच शिकवणी बसली आणि निकालाखालच्या कोऱ्या जागेत वर्गसमीकरणं आली. एवढा मानाचा फळा मी, पण त्या उन्हाळ्यात खडूनं माखलो आणि मला ते मनापासून आवडलं. चुकलेलं उदाहरण गोपिका ओढणीनंच पुसायची. मॅडम रागवायच्या.

जुलैच्या अखेरीस पुरवणी परीक्षेचा निकाल आला. सरांनी सगळ्या शाळेला ओट्यासमोर बसवलं आणि खडू गोपिकाच्या हातात दिला. "तूच लिही. रीतसर लिही, जशी रीत आहे तशी."

अक्षर थोडं खाली घसरलं. तिनं लिहिलं: पुरवणी परीक्षा, बसले १, पास १, निकाल १०० टक्के.

टाळ्या वाजल्या. चंद्रभान मागं उभा होता. तो पुढं आला, एकेक अक्षर लावत ती ओळ त्यानं वाचली आणि हलकेच म्हणाला, "हे शंभर माह्या पोरीचे होय."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा एखादा फळा असेल. त्याच्यावर छत्र्या टांगू नका, त्याला ओल्या फडक्यानं रोज पुसत जा. आकडे चुकले तर पुसा, जुने झाले तरी पुसा. पण टक्का चांगला दिसावा म्हणून कुणाचं पोर पुसू नका.