अकरा सेकंदांची पट्टी

आमच्या स्टुडिओत नावाची पट्टी पडद्यावर दोन सेकंद राहते. हा साहेबांचा नियम आहे. माणूस बोलायला लागला की डावीकडून त्याचं नाव सरकत आत यायचं, दोन सेकंद थांबायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. तेवढ्यात ते मनातल्या मनात दोनदा वाचून होतं, असं साहेब म्हणतात. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. वाचलं अर्थात त्यांनीच.

हे सरकवण्याचं काम माझं. नऊ वर्षं करतेय. त्यासाठी कीफ्रेम, म्हणजे खुणा लावायच्या असतात. पहिल्या खुणेवर नाव पडद्याबाहेर, दुसरीवर आत. मधला प्रवास कॉम्प्युटर आपला आपण करतो. तिसऱ्या खुणेपर्यंत नाव थांबतं, चौथीला गेलेलं असतं. डोळ्यांची वाट लागते आणि लोकांना वाटतं, हे सगळं आपोआप होतं. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटतं. त्याचं जाऊ द्या.

तर एका धुलाई कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून समारंभात दाखवायला फिल्म करायची होती. इस्पितळांच्या चादरी धुणारा कारखाना. माझ्या सासूबाई तिथेच एकतीस वर्षं इस्त्रीच्या गरम रुळांमध्ये ओल्या चादरी सरकवत होत्या, म्हणजे जुन्या कामगारांत त्यांची मुलाखत आलीच. कापून कापून ती सात सेकंदांची उरली. कापली मीच, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. एकतीस वर्षं हजेरीपटावर अंगठा. सुपरवायझरबाई शाईचं पॅड पुढे करायची आणि रोज सगळ्यांदेखत म्हणायची, "चला, करा सही." रोज, बरं का. कामावरून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसल्या. आता वाचतात. पण घाई करायची नाही. आधी अक्षरावर बोट, मग काना-मात्रा, मग शब्द, मग तो शब्द आपल्या ओळखीचा आहे का याची खात्री, आणि मग पुढचा.

त्यांचा तुकडा मी घरी लॅपटॉपवर दाखवला. पट्टी आली, गेली.

"नाव कुठंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आलं की, आई. गेलंसुद्धा."

"मी पहिल्या अक्षरावर होते. पुन्हा लाव."

सहा वेळा लावलं. सहाव्या वेळी त्या दुसऱ्या अक्षरापर्यंत पोचल्या. मी त्यांना साहेबांचा नियम सांगितला, दोनदा वाचून होतं म्हणून. "कुणाचं?" त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, मी वाचून दाखवतो ना." त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

"समारंभाला सगळे असणार," सासूबाई मला म्हणाल्या. "ती पॅडवालीपण. तिच्यासमोर मला माझं नाव वाचायचंय. मोठ्यानं. तेवढं कर. बाकी मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे साफ खोटं होतं. सकाळपासून त्यांनी माझ्याकडे चष्मा, चहा, दुसरा चहा आणि माझी चांगली शाल मागितली होती. पण त्यांचा आवाज कापत होता, म्हणून मी कागद आणायला उठले.

मी त्यांचं नाव कागदावर मोठं लिहिलं आणि मोबाइलवर वेळ लावली. तीन शब्द, त्यांत दोन जोडाक्षरं. अकरा सेकंद लागले. दुसऱ्या वेळी बारा, कारण मध्येच त्या "हं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी ओढून अकरा सेकंदांची केली, शेवटच्या दोन खुणा पार पुढे नेल्या. मुलाखत मात्र सातच सेकंदांची. उरलेल्या चार सेकंदांसाठी शेवटचं चित्र तसंच गोठवून ठेवलं. दुपारी साहेब फिल्म तपासायला बसले.

"मॅडम, या बाई थिजल्यात."

"चारच सेकंद, सर."

"कॉम्प्युटर अडकल्यासारखा वाटतो. कोण आहेत या?"

"माझ्या सासूबाई."

साहेब पडद्याजवळ वाकले. "छान दिसतात," म्हणाले, आणि तो थिजलेला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने उडवला. पट्टी त्यांनी पाहिलीही नाही. तासाभरात फाइल पाठवा, असं सांगून जेवायला गेले.

आता गंमत बघा. तुकडा उडवला की मागची फिल्म पुढे सरकते आणि भोक बुजवते. पण पट्टी वरच्या थरात असते, ती जागची हलली नाही. म्हणजे सात सेकंदांनी सासूबाई जाणार, पाठोपाठ कारखान्याचे मॅनेजर येणार, आणि सासूबाईंचं नाव आणखी चार सेकंद मॅनेजरांच्या छातीवर मुक्काम करणार. मॅनेजरांना स्वतःची पट्टी नव्हती. "मला सगळे ओळखतात," म्हणून त्यांनीच ती नको सांगितली होती.

मला दिसलं. खोटं कशाला बोलू? दोन खुणा मागे ओढायच्या, अर्ध्या मिनिटाचं काम. हात माउसवरच होता. नऊ वर्षांत माझी एकही पट्टी चुकली नव्हती आणि त्याचा मला फार तोरा होता. शिवाय साहेबांनी एका एडिटरला याहून लहान चुकीसाठी घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं. मला भीती वाटली. मग मला ती सुपरवायझरबाई आठवली, जिला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि असा संताप आला की मी फाइल पाठवून दिली. मग डबा उघडला. भूक नव्हती, पण खाल्लं.

समारंभाला सासूबाई तिसऱ्या रांगेत बसल्या, माझी शाल घेऊन. मी शेजारी. सुपरवायझरबाई नेमकी त्यांच्या पुढच्याच खुर्चीवर, सासूबाईंनीच कोपर मारून दाखवली. साहेब पलीकडच्या टोकाला.

फिल्म सुरू झाली. पडद्यावर सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "चादर कुणाची ते आम्ही कधी विचारलं नाही. डाग निघाला पाहिजे, बस." खुर्चीतल्या सासूबाईंनी स्वतःच्या तोंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पट्टी आत आली तसं त्यांनी हवेत बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मागून कुणीतरी "शू" केलं. पहिला शब्द झाला. दुसरा झाला. तेवढ्यात चित्र बदललं. मॅनेजर आले आणि कारखान्याच्या शिस्तीबद्दल बोलू लागले. नाव जागेवर, बोटही जागेवर.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तिसऱ्या शब्दाचं शेवटचं अक्षर राहिलं होतं आणि पट्टी निघाली. सासूबाईंनी बोट तिच्याबरोबर डावीकडे नेलं आणि अक्षर दाराशी गाठून वाचलंच. मग सगळं नाव एका दमात, खणखणीत. आणि मग त्यांनी वर चित्राकडे पाहिलं.

"अगं बाई! माझ्या नावावर हा कोण येऊन बसलाय?"

हॉल हसून हसून बेजार. पहिल्या रांगेतले मॅनेजर सगळ्यात जास्त हसत होते. सुपरवायझरबाई मागे वळली. "वाचायला कधी शिकलीस गं?"

"तुझं ते पॅड सुटलं तेव्हा," सासूबाई म्हणाल्या.

ती पुन्हा पुढे वळली ती वळलीच. मला रडू आलं. शालीचं टोक हाताशी होतं, ते वापरलं. नाहीतरी शाल माझीच.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला गाठलं. "ही पट्टी राहिली कशी?"

"नजरचूक, सर."

"नऊ वर्षांत पहिली?"

"हो, सर." यापुढे काय येणार ते मला माहीत होतं. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले.

"अहो साहेब," सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुमचा नियम दोनदा वाचून व्हायचा आहे ना? माझं एकदाच झालं."

साहेब माझ्याकडे वळले. फिल्मची दुसरी प्रत अजून कारखान्याला द्यायची होती.

"दोनदा वाचायला किती लागतील?" त्यांनी विचारलं.

"बावीस सेकंद, सर."

"तेवीस," सासूबाई म्हणाल्या. "मध्ये मी 'हं' म्हणते."