एका हिवाळ्यापुरता गीझर

"पाय मागे घ्या रे. मग बूट भिजले म्हणून माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत," डेल्मर म्हणाला आणि त्यानं पान्यावर जोर दिला.

आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं खुर्च्या मागे ओढल्या. डेल्मरच्या ट्रेलरला बाहेरच्या अंगाला, गुडघाभर उंचीवर, पत्र्याचं एक झाकण आहे. त्यामागे गीझर. खालचं बूच काढलं की टाकीतलं सगळं पाणी भसकन बाहेर येतं आणि बेसावध माणसाला आंघोळ घालून जातं. आमच्यापैकी प्रत्येकानं ती आंघोळ कधी ना कधी केलेली आहे.

उत्तरेत थंडी पडली की आम्ही सगळे निवृत्त म्हातारेकोतारे आपापली चाकांवरची घरं गाडीमागे जोडून ॲरिझोनाच्या वाळवंटात येतो आणि वसंतापर्यंत इथेच ठाण मांडतो. इथे बातम्या कमी आणि वेळ भरपूर. त्यामुळे कुणाचा गीझर बंद पडला तर आम्ही खुर्च्या घेऊनच बघायला जातो. त्यात हा गीझर खुद्द डेल्मरचा! नेब्रास्कात जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला हा माणूस इथे आम्हा सगळ्यांच्या गीझरांचा डॉक्टर होता. त्याचाच गीझर आजारी पडला, तर बघायला नको?

"एकोणीस वर्षांचा झाला तो, म्हातारबा," लायल म्हणाला. लायल कॅनडाचा. कोणतीही वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी घ्यावी, हे त्याचं तत्त्वज्ञान. "फेकून दे. नवा घे."

"तू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालास. तुला फेकला का कुणी?"

सगळे हसले. डेल्मरनं शेवटचा आटा फिरवला आणि बूच बाहेर ओढलं. बुचाला लागलेली, टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी बाहेर आली. मागोमाग दोन चमचे तांबूस पाणी आलं आणि वाळूत जिरलं.

बस. टाकी कोरडी होती.

नवख्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल; पण तिथे नवखं कुणीच नव्हतं. डेल्मर आणि त्याची बायको व्हर्ना दोनच दिवसांपूर्वी आले होते. नेब्रास्कात यंदा थंडी लवकर पडली, म्हणून निघताना त्यानं गीझर रिकामा करून पाण्याची वाट बंद केली होती, नाहीतर गोठून टाकी फुटते. इथे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पलंगाखालचा व्हॉल्व्ह उघडायचा, टाकी भरू द्यायची आणि मगच वीज चालू करायची. टाकी कोरडी असताना वीज चालू केली की पाणी तापवणारी कॉईल बघता बघता जळते. आमच्यात ही चूक करणारे निम्मे तरी निघतील. ती होऊ नये म्हणून डेल्मरनं प्रत्येकाच्या ट्रेलरमध्ये गीझरच्या स्विचला कपड्यांचा एक चिमटा लावून दिला होता. गरम पाण्याच्या नळाला धार आल्याशिवाय चिमटा काढायचा नाही, हा त्याचा कायदा. तीन वर्षांपूर्वी लायलनं तो मोडला, तेव्हा डेल्मरनं आठवडाभर त्याला टोपीला चिमटा लावून फिरायला लावलं होतं.

आता लायलची पाळी होती. मी त्याच्याकडे बघितलं. हा आता डेल्मरची सालटी काढणार, असंच मला वाटलं.

"बघ, टाकी गळकी आहे," लायल म्हणाला. "सगळं पाणी झिरपून गेलं. मी मघापासून काय सांगतोय? नवा घे."

ट्रेलरखालची वाळू भाकरीच्या पिठासारखी कोरडी होती आणि ती लायललाही दिसत होती. इतक्या वर्षांच्या ओळखीत मला लायल त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

डेल्मरनं बॅटरी लावून टाकीत बराच वेळ पाहिलं. मग कॉईल काढली. ती काळी पडून मधोमध उलली होती.

"टाकी गळत नाही," तो म्हणाला. "कॉईल जुनी झाली होती."

यावर सगळ्यांनाच एकदम घरची कामं आठवली.

मलाही कपडे धुवायचे होतेच. आम्ही ट्रेलर लावतो त्या पार्कच्या धुलाईघरात व्हर्ना टॉवेलांच्या घड्या करत बसली होती. माझा नवरा वारला त्या हिवाळ्यात हीच बाई रोज सकाळी माझ्या दारात कॉफी घेऊन उभी राहायची. तिच्यापुढे मला तोंड फिरवता येत नाही.

"पाणी आलं नाही ना, ओपल?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"नाही."

"वाटलंच मला." तिनं टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "येताना टेक्सासमध्ये पेट्रोल भरायला थांबलो. मी आत गेले होते. बाहेर येते तर हा गाडी घेऊन निघालेला. हमरस्त्याच्या तोंडापर्यंत गेला, मग परत आला. म्हणाला, थट्टा केली तुझी."

"मग?"

"मग काय, हसले मी. तुला वाटतं काय करायला हवं होतं?"

मी कपडे मशीनमध्ये टाकू लागले.

"जॅनिसनं खालची खोली रंगवून ठेवलीय," ती म्हणाली. जॅनिस त्यांची मुलगी. "ती म्हणते, ट्रेलर विका आणि या. मी लायलला सांगितलंय, दुपारी मला दुकानात ने. नवा गीझर आणते."

"अगं, जायचंच असेल तर नवा कशाला? कॉईल बदलली की काम होतंय की."

"तेवढं कळतं मला. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढलीत." तिनं टॉवेल ढिगावर ठेवला. "नवा गीझर पंधरा वर्षं चालतो, ओपल. मी अजून पंधरा वर्षं धरून चाललेय, असं त्याला वाटायला हवं."

मला रडू आलं. मी सरळ रडले. व्हर्ना रडली नाही, तिनं मला एक धुतलेला टॉवेल दिला आणि म्हणाली, "नाक पुसू नकोस हं त्याला, डोळेच पूस."

दुपारी लायलच्या गाडीतून मोठं खोकं आलं. लायलनं आणि मी धरून ते ट्रेलरच्या दारापुढच्या कापडी छताखाली ठेवलं. डेल्मर सगळी हत्यारं पुसून, ओळीनं मांडून बसला होता. त्यानं खोक्याकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे.

"हा परत कर."

"अरे, बघ तरी," व्हर्ना म्हणाली. "आतून स्टीलचा आहे. ती तुझी कांडीबिंडी काही लागत नाही याला."

"चांगला आहे. परत कर. आपली टाकी ठणठणीत आहे. नवी कॉईल बसवली की एक हिवाळा सहज निघेल."

"एकच?"

"एक पुरे."

लायलला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. "अरे, याला वॉरंटी आहे. काही झालं तर कंपनी बदलून देते."

"माझी वॉरंटी कोण देतंय, लायल?"

लायल हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. व्हर्ना खोक्यावर हात ठेवून उभी होती. गीझर परत जाऊ द्यायचाच नाही, असा तिचा चेहरा होता.

"पुढच्या वर्षी लागेल ना आपल्याला," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षीही लागेल. मी तोच विचार करून..."

"व्हर्ना, तुला खोटं बोलता येत नाही. आता या वयात शिकू नकोस." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला, रागानं नाही. मग आमच्याकडे वळला. "व्हॉल्व्ह मी उघडला नव्हता. चिमटा काढला, स्विच दाबला आणि कॉफी प्यायला बसलो. कॉईल जुनीबिनी काही नव्हती. गेल्याच वर्षी मी बदलली होती."

असं सगळ्यांसमोर बोलायला काय लागतं ते मला माहीत नाही. माझ्याच्यानं झालं नसतं. मी तर नवरा गेल्यावरसुद्धा वर्षभर सगळ्यांना सांगत होते, माझं बरं चाललंय म्हणून.

"वसंतात जॅनिसकडे जाऊ," तो म्हणाला. "गाडी लायल चालवेल. ट्रेलर तिथे विकू. विकताना मी घेणाऱ्याला सांगणार, टाकी जुनी आहे पण चांगली आहे. खोटं ठरायला नको ते."

व्हर्नानं खोक्यावरचा हात काढला. ती म्हणाली, "पावती माझ्या पर्समध्ये आहे." लायल कुरकुरला नाही की काही नाही. खोकं परत गाडीत चढलं आणि तासाभरानं तो वीतभर लांबीची पुडी घेऊन आला.

कॉईल डेल्मरनं हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्यासमोर धरली.

"तू बसव."

"मी? अरे, मी शाळेत स्वैपाक करणारी बाई. मला कुठलं येतंय!"

"पाचशे पोरांना जेवायला घालत होतीस ना? मग ही एवढीशी कॉईल काय करणार तुझं! बस खाली."

मी गुडघ्यावर बसले. तो उलट्या बादलीवर बसून सांगत होता. आधी रबरी चकती. मग आटे सरळ धर, तिरके लागले तर पुन्हा सोड. "आवळ. आणखी. अगं, बास, दाराची कडी नाही ती." दोनदा माझ्या हातून पाना निसटला, त्याचा हात पुढे आला आणि परत गुडघ्यावर गेला. पूर्वी त्यानं माझ्या हातून पाना हिसकावून घेतला असता.

मग खालचं बूच परत बसवून मी आत गेले आणि पलंगाखालचा व्हॉल्व्ह उघडला. व्हर्नानं गरम पाण्याचा नळ सोडला. नळ फुरफुरला, खोकला, हवा थुंकला आणि मग सलग धार लागली. "आली!" व्हर्ना ओरडली. स्विच तिनंच लावला. डेल्मर बाहेरच बसून राहिला.

सूर्य कलला तशी मी घरून राजम्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन आले. आम्ही तिघं आत टेबलाशी बसलो. डेल्मर जेवणावर खूश होता. तिखट कमी आहे म्हणून मला टोमणाही मारून झाला. मग त्यानं चमचा खाली ठेवला.

"ओपल, स्विच लावायच्या आधी टाकी भरली होती ना?"

"भरली होती. धार आलेली बघूनच लावला."

"बरं."

लायलच्या टोपीची गोष्ट निघाली. डेल्मर पोट धरून हसला. कॉफीचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळला.

"टाकी भरली होती ना, स्विच लावायच्या आधी?"

"हो," मी म्हणाले. माझा आवाज जरा चिरकला असणार, कारण व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं.

मी ताटं गोळा केली. ती सिंकमध्ये ठेवत होते तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "ओपल, टाकी..."

मी वळायच्या आत व्हर्ना उठली. तिनं उत्तर दिलं नाही. त्याचा हात धरून त्याला उठवलं, सिंकपाशी आणलं, मला कोपरानं बाजूला सारलं आणि नळ सोडला. त्याचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत धरून धारेखाली ठेवले.

पाणी आधी गार होतं, मग कोमट झालं. मग वाफ दिसू लागली. तरी त्यानं हात काढले नाहीत. नखांतली काळी ग्रीस ती अंगठ्यानं चोळून काढत होती.

"बघ," तो म्हणाला. "नवा घ्यायची काही गरज नव्हती."

"नव्हतीच," व्हर्ना म्हणाली आणि टॉवेल घ्यायला वळली.