सत्तेचाळीस मिनिटं

"चालती वेळ, एक तास बावन्न मिनिटं!" आल्हाद दारातच हेल्मेट काढत म्हणाला. "आणि वैष्णवीने आज काय सायकल दामटली, अपू! तिच्या मागे राहता राहता जीव गेला."

"हो का," अपूर्वा म्हणाली. कडेवरची नऊ महिन्यांची इरा तिचे केस ओढत होती.

तो आंघोळीला गेल्यावर तिने आपल्या फोनवर ते सायकलवाल्यांचं अ‍ॅप उघडलं. गंगापूर रोडवरून द्राक्षबागांमधून गिरणारे गावाला जाणारा हा रस्ता मुळात तिनेच त्यात आखला होता, ट्रकांची वर्दळ चुकवत, वळण न् वळण स्वतः पारखून. आता तिची सायकल गॅलरीत उभी होती आणि हँडलवर इराची दुपटी वाळत होती.

सायकल थांबली की अ‍ॅपमधली चालती वेळही थांबते. पण खाली बारीक अक्षरांत एकूण वेळ लिहिलेली असते, आणि बाळाच्या प्रत्येक दुधाची वेळ वहीत टिपणाऱ्या बाईच्या नजरेतून बारीक अक्षरं सुटत नाहीत. दोन तास एकोणचाळीस. म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं तो कुठेतरी थांबला होता. मागच्या रविवारी पंचेचाळीस. त्याआधी पन्नास.

मग तिने वैष्णवीचं पान उघडलं. आल्हादच्या ऑफिसातली, उंच, काळा गॉगल, पोट कसं सपाट. तिचाही फरक चव्वेचाळीस मिनिटांचा. ती कुठे थांबली हे अपूर्वाने पाहिलंसुद्धा नाही. दोघं एकत्रच थांबतात, हे तिने मनाशी ठरवून टाकलं.

"मध्ये कुठे थांबता का रे तुम्ही?" जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे! थांबलं की पाय भरून येतात."

आठवडाभर ती ते बारीक आकडे पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली.

पुढच्या रविवारी तो निघाला. रस्त्यात काही झालं तर कळावं म्हणून, तो कुठे आहे हे तिला फोनवर दिसत राहील अशी सोय तिनेच करून घेतली होती. निळा ठिपका आनंदवली, सोमेश्वर करत पुढे सरकला आणि बागांपाशी थांबला. पाच मिनिटं. सात मिनिटं. अपूर्वाने इराला झोळीत बांधलं आणि कोपऱ्यावरच्या रंगनाथची रिक्षा गाठली.

"कुठं जायचं, ताई?"

"हा ठिपका आहे ना, तिथे."

रंगनाथने फोनमध्ये डोकावलं. "ठिपक्याला गाव नाय का काही?"

"गंगापूरच्या पुढे. जरा लवकर चला."

"साहेब हरवले का काय?"

"अजून तरी नाही," ती म्हणाली. रंगनाथने रिक्षा चालू केली.

वाटेत तिने काय बोलायचं ते जुळवलं. आधी त्याला एक वाक्य, मग वैष्णवीला दोन. रडायचं नाही. इराला पुढे करायचं नाही.

द्राक्षबागेच्या बांधाला पत्र्याची टपरी होती. चिंचेला एकच सायकल टेकवलेली. दुसरी आत लपवली असेल.

"चा ठेवू का, बाई?" टपरीवालीने विचारलं. पाटीवर 'भागुबाई टी स्टॉल' असं रंगवलेलं होतं.

"इथे दोघं सायकलवाले…"

"दोघं कुठलं? टोळीच्या टोळी हाय. गेली पुढं मिसळ खायला. ती गॉगलवाली बी त्यांच्यातच. ह्यो एकटा मागं ऱ्हातो." भागुबाईने हनुवटीने मागे दाखवलं. "चा नाय, काय नाय. म्हणतो, मावशी, पाऊण तासानं हाक मारा. घरी तान्हं लेकरू हाय, झोप नाय. लय गाढ झोपतो बग."

टपरीमागे बाजेवर आल्हाद उताणा पडला होता. तोंड उघडं, बूट पायातच.

अपूर्वाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुसऱ्या बाईशी भांडायची तिची तयारी होती. पण ही झोप! दिवसाउजेडी, सावलीत, कुणी उठवणार नाही अशी सलग झोप. नऊ महिन्यांत ती एकदाही तिच्या वाट्याला आली नव्हती, आणि हा गडी दर रविवारी, तिनेच आखलेल्या रस्त्यावर ती मटकावत होता. असा जळफळाट तर वैष्णवीच्या सपाट पोटानेही झाला नव्हता.

"उठवू का?" भागुबाईने विचारलं.

"मीच उठवते."

तिने इराला सोडवून त्याच्या छातीवर ठेवलं. इराने त्याचं नाक पकडलं.

"अपू? काय झालं? इरा बरी आहे ना?" तो धडपडत उठून बसला. मग त्याने बाजेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तू रात्र रात्र जागतेस. मी झोपायला जातो, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि वैष्णवीचं कौतुक?"

"आल्यावर रस्त्यातलं काहीतरी सांगायला हवं ना."

"ऊठ," ती म्हणाली.

तो इराला घेऊन उठला. अपूर्वाने चपला काढल्या, बाजेखाली जोडीने नीट ठेवल्या आणि आडवी झाली. बाज अजून उबदार होती.

"मावशी, पाऊण तासाने हाक मारा."

भागुबाईने तोंडाला पदर लावला. इरा कुरकुरली. अपूर्वाने डोळे उघडले नाहीत. सायकलच्या बुटांचा टकटक आवाज चिंचेभोवती फिरू लागला, आधी जवळून, मग लांबून, मग येईनासा झाला.

आल्हादच्या खिशातल्या फोनला वाटलं, सायकल पुन्हा निघाली. संध्याकाळी अपूर्वाने अ‍ॅपमधला नकाशा पाहिला. घरापासून बागांपर्यंत नेटकी रेघ होती, आणि तिथे, चिंचेपाशी, लहान मुलाने गिरगटावा तसा निळा गुंता.

खाली वैष्णवीने लिहिलं होतं, 'इथे काय गोल गोल फिरत होतास?'

अपूर्वाने ते दोनदा वाचलं, फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन हँडलवरची दुपटी एकेक करून काढली.