बंड्याचं तिसरं दार

बंड्याला काय हवंय ते बंड्यालाच विचारू, असं शर्मिष्ठा म्हणाली, तेव्हा तिच्या आईनं, इंदूनं कपाळाला हात लावला. "कुत्र्याले विचारून राहिली ही पोट्टी!" पण पोरगी कॉलेजात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करत होती, आणि शिकलेल्या माणसाला एकदा पद्धत सापडली की तो घरच्यांनाही सोडत नाही.

तिचे वडील पांडुरंग दिवाळीत गेले. नवं राज्य झालं तेव्हा रेल्वेच्या बदलीवर वर्ध्याहून रायपूरला आलेले, तिथल्या बूढापारा मोहल्ल्यात रमलेले गृहस्थ. ते गेल्यापासून त्यांचा बंड्या त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून नुसता आत बघायचा. आत बघण्यासारखं काही नव्हतं. तेरावं उरकताच इंदूनं तिथं कपाट, पेट्या, गाद्या, जुना कूलर असं काय काय रचलं, की उभं राहायलाही जागा उरली नाही. "रिकामी खोली मले पाहवत नाही," म्हणायची. आता तिला बंड्याही पाहवेना. सोमवारी त्याला न्यायला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रयघराची गाडी येणार होती. शर्मिष्ठाचा जीव तुटत होता. बापाचं तेवढंच एक चालतंबोलतं उरलं होतं.

ती बंड्याला कॉलेजात घेऊन गेली. तिथं तीन सारख्या खोल्या होत्या. एकीत मटण, दुसरीत खेळकर कुत्री, तिसरी तुलनेसाठी रिकामी. दारांना वाळूच्या पिशव्या अडकवलेल्या. जितकं जड दार जनावर ढकलेल, तितकी त्याची ओढ खरी. मटणासाठी बंड्यानं एक पिशवी ढकलली आणि पुढे नाद सोडला. कुत्रीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. रिकाम्या खोलीचं दार मात्र सगळ्या पिशव्या लावल्यावरही त्यानं फरशीवर नखं घासत, धापा टाकत उघडलं.

जुन्या वासाचा घोळ असेल म्हणून तिनं खोल्या फिनाइलनं धुतल्या, मटण तिसरीत ठेवलं, पहिली रिकामी केली. बंड्या पहिलीत गेला. पुन्हा अदलाबदल केली. जी रिकामी, तीच त्याची.

तिनं फटीतून पाहिलं. भर दुपार, बाहेर उन्हाळ्याची गरम लू वाहत होती. बंड्या मान वर करून बसला होता. त्याचा उजवा पंजा हवेत होता आणि वर-खाली हलत होता, कुणी हातात धरून हलवावा तसा. बाबा ऑफिसातून आले की पहिलं हेच करायचे, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची. दुसऱ्या कुणाला बंड्यानं पंजा दिलाच नव्हता. मग हलणं थांबलं, पण पंजा तसाच अधांतरी राहिला.  शर्मिष्ठाला पळून जावंसं वाटलं, आणि दार उघडून आत जावंसंही वाटलं.

घरी तिनं सगळं सांगितलं. इंदू भडकलीच. "तुह्या बापाले तिकडं काहून जा लागते? घर नाही काय त्यायले?"

"यहाँ जगह कहाँ छोड़ी तूने, आई?" शर्मिष्ठा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

 इंदूनं पदर खोचला आणि पहिली पेटी ओढली. गाद्या ओसरीत गेल्या, कूलर अंगणात गेला, कपाट दोघींनी मिळून फरफटत काढलं. दिवेलागणीला खोली मोकळी झाली. बंड्या सरळ आत गेला आणि मधोमध बसला. त्याची मान वर झाली, पंजा उचलला गेला आणि वर-खाली हलू लागला.

इंदूनं चौकट घट्ट धरली.  इतकी वर्षं या वेळेला ओरडून म्हटलेलं वाक्य आपसूकच तिच्या ओठांवर आलं.

"झालं असन खेळून तर हात धुऊन या. पानं वाढतो मी."

कुणी सांभाळून खाली ठेवावा तसा पंजा फरशीला टेकला. बंड्या उठला, दाराशी आला आणि मागून येणाऱ्या कुणाला तरी वाट देत बाजूला झाला. इंदूही सरकली.