सोडलेला थांबा

बस अशी खच्चून भरली होती की दारातल्या माणसाचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा देवाच्या भरवशावर. ड्रायव्हरच्या कानाशी शिव्यांचा रतीब चालूच होता. दुसऱ्या एका ड्रायव्हरने आजारपणाची रजा टाकली, म्हणून आज हा नको तो मार्ग त्याच्या गळ्यात पडला होता.

कंडक्टरने डबल बेल दिली. म्हणजे पुढचा थांबा सोडायचा.

त्या थांब्यावर अण्णा उभे होते, ड्रायव्हरचे वडील. काखेत डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं नुसती सावल्यांसारखी दिसत. बसचा आवाज ऐकून त्यांनी हात वर केला.

त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"अरे, आता काय टपावर बसवतोस?" मागून पन्नास तोंडं एकदम सुटली.

त्याने ब्रेकवरचा पाय काढला. आरशात तो हात बराच वेळ वरच होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अण्णा पाय चोळत बसले होते. चार बस तशाच निघून गेल्या, पाचवी मिळाली, तोवर डॉक्टर उठून गेले होते.

"पहिला मेला जरा हळू झाला, तर मला वाटलं थांबतोय," अण्णा म्हणाले. "दिसत असतं तर तोंड लक्षात ठेवलं असतं. त्याला बाप नसेल का रे?"

तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती मघाशीच सुटलेली होती.

"नसेल," तो म्हणाला.