कोऱ्या नळीची अट

बासरी घेण्यात दाजींचा फायदा तिहेरी होता. डॉक्टरांनी तोंडाला व्यायाम सांगितला होता, तो होणार. ताईबरोबर पडदे-चादरींच्या दुकानांत पिशव्या धरून उभं राहणं वाचणार. तिसरा फायदा ते कुणाला सांगत नव्हते. पण मी त्यांची मेहुणी, त्यांच्या न सांगितलेल्या गोष्टींवर पहिला हक्क माझा. गेल्या वर्षी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. औषधांनी ती बरीचशी परत आली, ओठाचा डावा कोपरा तेवढा आला नाही. तिथून चहा ओघळे, शब्द निसटत. कुणी फोटो काढायला लागलं की दाजींना एकदम झाडं बघावीशी वाटत. हा कोपरा अजून आपल्या ताब्यात नाही, हे ताईला कळू नये म्हणून त्यांची सगळी धडपड. बासरी वाजली की तोंड परत आपलं, आणि लपवायलाही काही उरलं नाही, असा तो हिशेब.

दोघं माझ्याकडे, परदेशात, सुट्टीला आली होती. इथली भाषा मला कामापुरती येते, म्हणून दुभाषी मीच.

बासरीचं दुकान एका बोळात होतं; आम्ही तिघं आत शिरलो. पायाखाली लाकडाचा कीस, हवेत तेलाचा वास, भिंतीवर दोऱ्यांना टांगलेल्या बासऱ्या. बासरीवाली बाई पन्नाशीची. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. नवशिक्यांच्या बासऱ्या खिडकीपाशी एका ट्रेमध्ये होत्या, प्रत्येकीवर किंमत लिहिलेली. दाजींनी एक उचलली. बाईने ती हळूच काढून घेतली आणि त्यांच्या हातात एक आखूड, कोरी नळी ठेवली. फुंकायला एक भोक, बोटांसाठी एकही नाही.

"ती म्हणते, आधी यातून सूर काढा," मी सांगितलं. "निघाला तर बासरी मिळेल, नाहीतर नाही. न वाजता कुणाच्या शोकेसमध्ये पडलेली तिला बघवत नाही म्हणे."

दाजींनी नळी ओठांशी नेली. फुस्स. पुन्हा फुस्स. सगळा वारा डाव्या कोपऱ्यातून पसार. तिसऱ्यांदा त्यांनी फुंकलंच नाही. नळी ठेवून ते माझ्या कानाशी आले.

"बाई धंद्यात पक्की आहे. भाव वाढवायचा डाव आहे हा. चल, निघू. कोपऱ्यापर्यंत गेलो की हाक मारते बघ."

"दाजी, भाव लिहिलाय तिथे. आणि ती विकतच नाही म्हणतेय."

"तेच तर! नाही म्हणणारा दुकानदारच शेवटी पायरीपर्यंत धावत येतो. तुझ्या बहिणीच्या साड्या काय मी अशाच घेतल्या?"

निघालो. दाजींची चाल अशी, की हाक ऐकू यावी इतकी सावकाश आणि पर्वा नाही असं वाटावं इतकी ताठ. बोळाच्या तोंडाशी बुटांचं दुकान होतं. तिथे काचेसमोर उभं राहून त्यांनी लहान मुलींच्या सँडलमध्ये रस दाखवला. हाक काही आली नाही. दाजी खोकले. जरा मोठ्याने खोकले. समोरच्या खिडकीतलं मांजर उठून आत गेलं.

"ऐकू येत नसेल तिला," ते म्हणाले. पण चेहरा पडला होता. भावाचा डाव नव्हता, हे त्यांना बाहेर पडतानाच ठाऊक होतं. मलाही. आता बासरी गेली आणि ती न वाजण्याचं कारण मात्र सोबत राहिलं.

"ताई कुठे आहे?" मी विचारलं.

ताई दुकानातच राहिली होती. परत जाऊन बघतो तर स्टुलावर बसून, गाल फुगवून, लालबुंद होऊन तीच नळी फुंकत होती. फुस्स. बासरीवाली पोट धरून हसत होती.

"अगं, तुलासुद्धा येत नाही?" दाजींच्या आवाजातला आनंद काही केल्या लपेना.

"मला कसं येणार? माझं तोंड बोलायला घडवलंय. तुम्हाला अनुभव नाही का?"

आणि दाजी हसले. वाकडं, मोकळं, परक्या बाईच्या समोर. ताई उठली. नळी तिने त्यांच्या ओठांशी धरली आणि अंगठ्याने त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा दाबून बंद केला.

"इथून वारा पळतो तुमचा. आता फुंका."

दाजींनी नळी बाजूला केली. "तुला कधीपासून माहीत?"

"वर्षभर उशीचे लाळेने भिजलेले अभ्रे कोण धुतंय? शेजारीण? फुंका म्हणते ना!"

त्यांनी फुंकलं. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक सूर सरळ उभा राहिला आणि दाजींचा दम संपेपर्यंत उभाच राहिला. वर्षभर कानाशी चढलेले दाजींचे खांदे सावकाश खाली उतरले.

"ती विचारतेय, रोज अंगठा कोण देणार?" मी म्हटलं.

"सांग तिला, घरचाच आहे," ताई म्हणाली. "भाड्याने नाही आणला."

बाईने दाजींना ट्रेमधली हवी ती बासरी निवडू दिली.

"एखादं कव्हर तरी फुकट देते का विचार," दाजी कुजबुजले. मी हे भाषांतर केलं नाही.

ताळेबंद असा: बासरीचे पैसे दाजींनी दिले, लिहिलेल्या किमतीला, घासाघीस न करता, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच. अंगठा ताईने दिला, तोही जेमतेम आठवडाभरच लागला. बासरीवालीला तिची किंमत मिळाली, वर हसायला मिळालं. उरली माझी पहाटेची झोप, दाजींच्या रियाजात गेलेली. दोघं इथे असेपर्यंत ती माझ्याच नावे पडली, आणि मी ती तक्रार न करता बुडीत खात्यात टाकली.