सोसायटीतला राब

"भगीरथचीच बिडी असणार. उद्यापासून दुसरा वॉचमन बघू," सेक्रेटरी म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या माळ्यानं, नामानं, हातातली कुदळ खाली ठेवली.

आसनगावातल्या त्या सोसायटीमागच्या चार गुंठ्यांत पूर्वी नुसता डेब्रिजचा ढीग होता. रहिवाशांनी दोन वर्षं रविवारची झोप मोडून तो उपसला, पाणवठा खणला, करवंद, कुडा, अडुळसा लावला. फुलपाखरं आली, मुंगूस आलं, आणि या एप्रिलात चक्क रातवा पक्षी, जमिनीवरच्या पाचोळ्यातच अंडी घालणारा. झाडं लावणारे हात मात्र बहुतेक नामाचे. डोळखांबकडची शेती सुटल्यापासून ही जागाच त्याचं शेत झाली होती. कुणी कौतुक केलं की मान खाली घालायचा, पण आतून फुलून जायचा बरं का.

आता त्याच पाचोळ्याचा एक कोपरा काळा पडला होता, आणि राखेत दोन अंडी भाजलेली होती.

"बिडी नाय वो," नामा म्हणाला. "मीच पेटवला. राब केला."

हे सगळं सुरू करणाऱ्या दामिनीताई बघतच राहिल्या. "अहो नामादादा, पाचोळा जाळायचा नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"तुमी तेरड्याचा बियाणा आणला ना ताई. पेरायच्या आधी जमीन भाजली का रोप कसा तरारून येतो. बापानं केला, मी बी जन्मभर केला. येकच कोपरा, म्हटला, काय होतंय. पाखरू दिसला नाय मला."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता, पण या खुळ्याला ते जमायचं नव्हतं. भगीरथची नोकरी वाचली. नामाचीही वाचली, फक्त कमिटीनं ठरवलं की त्यानं पुढचं लॉन आणि कुंड्या बघाव्यात, मागच्या जागेत पाऊल टाकू नये. एवढ्यावर भागलं म्हणून त्याच्या बायकोनं देवापुढे दिवा लावला. नामाला मात्र आठवडाभर घास गिळवेना.

तीन आठवड्यांनी रविवारच्या श्रमदानाला वीसेक जण फावडी घेऊन आत शिरले. नामा तारेच्या कुंपणाबाहेर पाण्याचा पाइप धरून उभा होता.

"ताई, थांबा. कुणी हलू नका."

सगळे थबकले.

"करवंदीच्या बुडाशी रातवा बसलाय. परत अंडी घातलीत वाटतं. तुमच्या पायापासून दोन हातांवर."

माना लांबल्या, मोबाइल निघाले. कुणालाच काही दिसेना. रातवा पाचोळ्यावर बसला की पाचोळाच होतो.

"त्यानं डोळा मिटलाय, म्हंजी उडायचा नाय. आता मागं या. डावीकडं नको. माझ्याकडं बघत, हळू."

बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले, सगळे त्याच्या सांगण्यावरून एकेक पाऊल मागे घेत बाहेर आले. पक्षी जागचा हलला नाही. प्रत्येकानं नामाला थँक्यू म्हटलं. दामिनीताईंनी मात्र फाटक उघडं धरलं.

"या ना दादा. आत येऊन मला नीट दाखवा."

नामानं सेक्रेटरींकडे पाहिलं. ते मोबाइलवरचा फोटो मोठा करून पक्षी शोधत होते.

"नको ताई," नामा म्हणाला. "मला हितून दिसतो."

आणि पाइप ओढत तो लॉनकडे गेला.